व्हिसासाठी कागद साक्षांकित करायचेत? कोल्हापुरातून सुरुवात कुठून करायची

"सगळ्यावर नोटरी मारून ठेवलीय" असं म्हणत लोक फाईल पुढ्यात ठेवतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागितली कुणी होती? बऱ्याचदा उत्तर येतं, तसं कुणी नाही, पाहुण्यांच्यातल्या एकानं सांगितलं. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून लाईट बिलापर्यंत प्रत्येक झेरॉक्सवर गोल शिक्का, आणि जो एक कागद खरोखर हवा होता तो चुकीच्या माणसाकडून साक्षांकित केलेला. व्हिसाची फॉर्म-फाईल हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून कोणत्या क्रमानं काय करावं ते इथे मांडतो.

आधी ठरवा, तुमच्याकडून नेमकं काय मागितलंय

त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरची तुमच्या व्हिसा प्रकाराची कागदपत्रांची यादी काढा. प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक कागदासमोर त्यांनी काय लिहिलंय बघा, कारण मागण्या वेगवेगळ्या असतात आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

सगळ्यात सोपी मागणी म्हणजे मूळ कागदाचा रंगीत स्कॅन. ऑस्ट्रेलियाचा ऑनलाईन अर्ज बहुतेक असाच भरला जातो. मूळ कागद रंगीत स्कॅन करून चढवायचा, नोटरीचं काम नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला नोटरी केलेली झेरॉक्स कुणी विचारत नाही. तिथे ऑनलाईन फॉर्म, पासपोर्ट आणि मुलाखत महत्त्वाची. लेकाकडे महिनाभर राहून यायचं असेल तर शिक्क्यांवर पैसे घालवण्यापूर्वी यादी पुन्हा एकदा वाचा.

दुसरी मागणी साक्षांकित सत्यप्रतीची, म्हणजे अधिकृत माणसानं मूळ कागद डोळ्यांनी बघून "ही त्याचीच प्रत" असं लिहून देणं. तिसरी, इंग्रजी नसलेल्या कागदाचं प्रमाणित भाषांतर. चौथी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र. पाचवी, आखाती देशांसाठी लागणारी दूतावासापर्यंतची साखळी. कोल्हापुरात पूर्ण होतात त्या फक्त पहिल्या तीन. चौथी-पाचवी इथे सुरू होते आणि मुंबईच्या दिशेला जाते.

शिक्क्याआधी नाव

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. व्हिसाची फाईल शिक्क्यापेक्षा नावावरून जास्त अडते. नोटरी फक्त एवढंच सांगतो की झेरॉक्स मूळ कागदासारखी आहे. मूळ कागदातच स्पेलिंग वेगळं असेल तर ते वेगळेपण तो जसंच्या तसं प्रमाणित करून देतो.

पासपोर्ट हा पाया धरा. पासपोर्टमध्ये आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव, बहुधा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, दुसऱ्या रकान्यात असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. आधारवर तिसराच क्रम. या क्रमाच्या फरकानं घाबरू नका, भारतीय कागद रोज बघणाऱ्या अधिकाऱ्याला तो माहीत असतो. अडतं ते स्पेलिंग. एका कागदावर एक 'ए', दुसऱ्यावर दोन; एकीकडे वडिलांचं पाळण्यातलं नाव, दुसरीकडे गावात चालणारं 'बापू' किंवा 'आण्णासो'. आपल्याकडे 'साहेब'चं 'सो' होतं आणि ते थेट कागदावरही चढतं. परदेशातल्या टेबलावर ती दोन वेगळी माणसं होतात.

लग्नानंतरच्या नावात गुंता आणखी वाढतो, कारण आपल्याकडे मुलीचं आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात. शिवाजी विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला हा दोन्हींना जोडणारा कागद आहे. तो फाईलमध्ये पदवीच्या लगेच पाठीमागे लावा, शेवटी कुठेतरी नको. लग्नपत्रिका आणि हॉलमधले फोटो त्याची जागा घेत नाहीत.

फरक किरकोळ असेल आणि कागद दुरुस्त करायला वेळ नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून नोटरीसमोर सही करता येते. त्यात दोन्ही स्पेलिंगं, कोणत्या कागदावर कोणतं आहे आणि त्या कागदांचे क्रमांक लिहा. "माझी नावं वेगवेगळी आहेत" एवढ्या मोघम वाक्याचा उपयोग नाही. शंभराचा स्टँप आता विसरा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा लागतो.

आधारवर दुरुस्ती करणार असाल तर विचार करून करा. नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. गडबडीत एक संधी वाया घालवू नका. आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे खुद्द आधार प्राधिकरणानंच स्पष्ट केलंय. व्हिसाच्या फाईलमध्ये तो ओळख आणि पत्त्यापुरता ठेवा.

मूळ कागद नवीन काढून घ्या

जन्मदाखला मिळतो तो जन्म झालेल्या ठिकाणाहून, राहत्या गावातून नव्हे. माणूस करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यातल्या गावचा, पण जन्म सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा शहरातल्या खाजगी दवाखान्यात, तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीत दप्तर कितीही चाळलं तरी ती सापडणार नाही. जन्म गावात घरीच झाला असेल तर मात्र ग्रामपंचायतच.

जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला घरी असेल तर तो जपून ठेवा, पण व्हिसासाठी मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला नवा काढा. भाषांतराचा खर्च वाचतो. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून आई-वडिलांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टच्या शेवटच्या पानाशी ताडून बघा. बऱ्याच जुन्या नोंदींत बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी. अशा नोंदीत आधी नाव दाखल करून घ्यावं लागतं.

नोंदच नसेल तर निबंधकाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला लेखी घ्या. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या व्हिसात हा कागद आणि त्यासोबत शाळेचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असा जोड चालतो. उशिरा नोंद करायची असेल आणि जन्माला एक वर्ष उलटलं असेल तर आदेश लागतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. यात वेळ जातो, म्हणून हे काम तिकीट काढण्याच्या आधीचं.

पोलीस दाखल्याबद्दल थोडक्यात. परदेशासाठी लागतो तो पासपोर्ट खात्याचा पोलीस क्लिअरन्स, जिल्हा पोलिसांकडून नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य दाखला नव्हे. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही तो अर्ज घेतला जातो, त्यामुळे कोल्हापूरच्या केंद्रात भेटीची वेळ मिळते का ते आधी पाहा. आपला जिल्हा पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

झेरॉक्स काढताना

दोन रुपयांच्या झेरॉक्सवर पुढे सगळं अवलंबून असतं. पासपोर्टच्या फोटोचा चेहरा काजळीसारखा काळा आला तर ती प्रत टाकून द्या आणि दुसरी काढा. ए-फोर कागदावर पासपोर्टची दोन पानं वरच्या अर्ध्या भागात घ्या, खालचा अर्धा कोरा ठेवा. नोटरीचा मजकूर, सही आणि शिक्का त्या कोऱ्या जागेत बसला पाहिजे. शक्य असेल तर प्रत रंगीत काढा. पहिलं आणि शेवटचं पान दोन्ही घ्या, कारण आपल्या पासपोर्टमध्ये आई-वडील, जोडीदार आणि पत्ता शेवटच्या पानावर असतो. जुने व्हिसा आणि शिक्के असलेली पानं यादीत मागितली असतील तरच. आधारची पुढची-मागची बाजू एकाच पानावर घ्या.

नोटरीकडे

जिल्हा न्यायालय आता कसबा बावड्यात आहे, तिथे नोटरी भेटतात. शहरात वकिलांच्या ऑफिसातही असतात. भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून सीपीआरच्या आसपास काळ्या कोटांची वर्दळ पुन्हा वाढलीय. पण काळा कोट म्हणजे नोटरी नव्हे. प्रत्येक वकिलाला हा अधिकार नसतो. केंद्र किंवा राज्य शासनानं नोटरी कायदा, १९५२ खाली नेमणूक केलेली असावी लागते. ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. म्हणून आधीच विचारा, "साहेब, नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे?" कुणी रागावत नाही.

विशेष कार्यकारी अधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही आपल्या कॉलेजच्या प्रवेशाला चालत होती, परदेशी कार्यालयाला ती चालेलच असं नाही. यादीत 'नोटरी' लिहिलं असेल तर नोटरीच. आणि नोटरी तुमचे काका किंवा मावसभाऊ असतील तर दुसऱ्याकडे जा. कॅनडाच्या नियमात नातेवाइकानं साक्षांकित केलेली प्रत चालत नाही, हे स्पष्ट लिहिलंय. कोल्हापुरात कुणाचं कुणाशी नातं निघेल सांगता येत नाही, पण आडनाव एकच असेल तर उगाच प्रश्नाला जागा कशाला ठेवायची?

आता टेबलावर काय घडलं पाहिजे ते नीट बघा. नोटरीनं मूळ पासपोर्ट हातात घ्यायचा, झेरॉक्सशेजारी ठेवायचा, क्रमांक आणि तारखा ताडायच्या. मूळ कागद न मागता गठ्ठ्यावर धडाधड शिक्के पडू लागले तर थांबवा. आणि "मूळ घरी आहे, फोटो दाखवतो" असं आपणही म्हणू नये. मग सत्यप्रतीचा मजकूर, तारीख, सही, गोल शिक्का, नोटरी तिकीट आणि नोंदवहीत नोंद. गोल शिक्क्यावर नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र आणि कोणत्या शासनानं नेमलं ते असतं. ते वाचता आलं पाहिजे. शाई सुकलेल्या पॅडवरचा पुसट शिक्का म्हणजे टोरांटोतल्या अधिकाऱ्याला नुसतं निळं वर्तुळ.

आपल्याकडचा 'ट्रू कॉपी' असा दोन शब्दांचा रबरी शिक्का बऱ्याच देशांना अपुरा पडतो. कॅनडाला प्रतीवर पूर्ण वाक्य हवं असतं: "आय सर्टिफाय दॅट धिस इज अ ट्रू कॉपी ऑफ द ओरिजिनल डॉक्युमेंट". त्यासोबत मूळ कागदाचं नाव, साक्षांकनाची तारीख, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही. हे वाक्य इंग्रजी अक्षरांत आधीच टाईप करून, खाली नाव-तारखेच्या मोकळ्या जागा ठेवून, झेरॉक्सच्या कोऱ्या भागावर प्रिंट करून न्या. नोटरीचंही काम हलकं होतं आणि हाताने लिहिलेलं न वाचता येण्याची भानगड राहत नाही. दुसऱ्या देशाच्या सूचनेत वेगळा मजकूर दिला असेल तर तोच वापरा, अंदाजानं बदलू नका.

उठण्याआधी प्रत्येक पान उजेडात धरा. शिक्का फोटोच्या चेहऱ्यावर पडलाय का? पासपोर्टच्या तळाशी बाणासारख्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात त्यांच्यावर शाई आलीय का? ती पानं पुन्हा करून घ्या. अनेक पानांचा कागद असेल तर प्रत्येक पानावर सही हवी. फी नियमांत ठरलेली असते आणि नोटरीनं पावती द्यायची असते. मागा, आणि जपून ठेवा.

मराठी कागदाचं भाषांतर

शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुना विवाह दाखला हे नेहमीचे मराठी कागद. ब्रिटनला भाषांतरावर चार गोष्टी हव्यात: हे मूळचं अचूक भाषांतर आहे असं भाषांतरकाराचं निवेदन, तारीख, त्याचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचा संपर्क. कॅनडात भाषांतरकार तिथल्या मान्य संस्थेचा सदस्य नसेल तर त्याचं शपथपत्रही लागतं, आणि अर्जदारानं किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, मग घरात इंग्रजीचे प्राध्यापक का असेनात.

भाषांतरकाराकडे कागदासोबत पासपोर्टची झेरॉक्सही द्या आणि नावांची स्पेलिंगं त्यावरून घ्यायला सांगा. नाहीतर तो आपल्या मनानं एक नवीनच स्पेलिंग करतो आणि वर सांगितलेला गुंता तुम्ही पैसे मोजून विकत घेता. शिक्क्यातला मजकूर, समासातली नोंद, 'सही/-' सुद्धा भाषांतरात आलं पाहिजे. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना गाळलेलं भाषांतर अर्धवटच. भाषांतराच्या मागे मूळ मराठी प्रत जोडा.

अपोस्टिल आणि आखाताची साखळी

अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद मान्य करण्यासाठी ठरवलेलं प्रमाणपत्र. भारतात तो करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे या देशांबद्दलचा आधीचा सल्ला जुना झालाय. सौदीला दहा वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव आता तसाच लागू पडेल असं धरू नका.

हे प्रमाणपत्र परराष्ट्र मंत्रालय देतं. पण मंत्रालय कोल्हापूरच्या नोटरीची सही ओळखत नाही. त्यांच्याकडे राज्य शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने असतात, आणि त्या सह्यांवरच ते पुढचं प्रमाणपत्र देतात. म्हणून मधे राज्याची पायरी येते: पदवी-गुणपत्रिकेसाठी शिक्षण खात्याची, जन्म-विवाह दाखल्यासाठी गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची. ही पायरी गाळून गेलेला कागद परत येतो.

जानेवारी २०१९ पासून परराष्ट्र मंत्रालयानं हे काम दिल्लीबाहेरच्या शहरांतही दिलं. त्यातली मुंबई आणि पणजी आपल्याला जवळची. कागद थेट खिडकीवर घेत नाहीत, नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, सेवा संस्थेचा आकार वेगळा. एजंट हजारांत आकडा सांगतो तेव्हा त्यात राज्याची पायरी, ये-जा आणि त्याचा नफा किती, हे फोडून विचारा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून स्वतः जायची तयारी असेल तर खर्च बराच खाली येतो. नोकरीतून सुट्टी मिळत नसेल तर एजंट वाईट नाही. मात्र मूळ कागद देताना क्रमांकांसह यादी करून त्याची सही घ्या, आणि देण्याआधी सगळं स्कॅन करा. परत आल्यावर अपोस्टिलच्या स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. गुणपत्रिका लॅमिनेट केलेल्या असतील तर आधीच सांगा, प्लॅस्टिकवर स्टिकर लागत नाही.

जर्मनीला जाणाऱ्यांनी इथे थांबावं. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतलेली असल्यामुळे भारतातलं अपोस्टिल तिथे धरलं जात नाही. विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं. बाकी कागदांचं काय करायचं ते मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या सूचनेप्रमाणेच करा.

संयुक्त अरब अमिराती आणि कतार या करारात नाहीत. तिथे राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं अशी साखळी. कोणती कडी कंपनी करणार आणि कोणती तुम्ही, हे नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.

चढवताना

साक्षांकित प्रतीचा स्कॅन रंगीत करा, म्हणजे शिक्का निळा दिसतो आणि झेरॉक्सची झेरॉक्स वाटत नाही. मागच्या बाजूला सही किंवा तिकीट असेल तर तीही बाजू स्कॅन करा. फाईलला 'स्कॅन००१' असं नाव न देता कागदाचं आणि तुमचं नाव द्या. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याच्या केंद्रात जाताना प्रती चढवलेल्या असल्या तरी मूळ कागद सोबत ठेवा.

अर्ज गेल्यावर कधीकधी एखादी प्रत पुन्हा मागवणारा ईमेल येतो आणि उत्तराची मुदत थोडीच असते. तेव्हा नव्या नोटरीच्या शोधात फिरू नका. पावतीवरचा नोंदवही क्रमांक आणि तारीख घेऊन आधीच्याच नोटरीकडे मूळ कागदासह जा. नवी प्रत करून घ्या आणि ईमेलचं उत्तर त्यांनी दिलेल्या दुव्यावरूनच, अर्ज क्रमांक टाकून पाठवा.